परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

चार वर्षांतून एकदा आमच्या ओटीवर न्यायालय भरते. ऑलिम्पिकची ज्योत जगाच्या कोणत्याही शहरात पेटो, वसईतल्या आमच्या या जुन्या घराच्या ओटीवर पंधरा दिवस तिचे खटले चालतात. न्यायाधीश आम्हीच, वकील आम्हीच आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा उभा असतो तो कुठल्यातरी दूरच्या देशाचा, नावही धड उच्चारता न येणारा एखादा पंच. माझा धाकटा भाऊ हा या न्यायालयातला सरकारी वकील. शेजारचे काका, ज्यांची सारी हयात रेल्वेच्या वर्कशॉपात गेली आणि ज्यांनी जिम्नॅस्टिक्सचा आडवा दांडा प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही, ते तज्ज्ञ साक्षीदार. आई होती तोवर तिचे एकच मत असे : जो पडला, जो रडला, त्या बिचाऱ्याला निदान काहीतरी द्यायला हवे होते. या मतावर आम्ही सारे हसत असू. त्या हसण्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

शर्यत घड्याळावर मोजली जाते, उडी फूटपट्टीवर. त्या खेळांवर आमच्या ओटीवर फारसा वाद होत नाही. जिथे माणसाने माणसाला गुण द्यायचे असतात तिथे मात्र रात्री जागतात. मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स, बर्फावरचे नृत्य. या खेळांत खेळाडूची दहा वर्षांची मेहनत एका खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पेन्सिलीपाशी येऊन थांबते, आणि ती पेन्सिल कशी चालते हे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. मग तो तर्क करतो, आणि तर्क करण्यात आपण मराठी माणसे कुणाला हार जाणारी नव्हेत.

याची दीक्षा मला वडिलांकडून मिळाली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट वडील आम्हाला दर पावसाळ्यात एकदा तरी सांगत. पण पदकापेक्षा त्यांना अधिक सांगायचे असे ते पदकाच्या आधीचे. जपानच्या शोहाची इशीईशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर लगेच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, परंतु तो नियम पंचांना सांगायला आखाड्यापाशी एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. वडील इथे थांबत आणि म्हणत, "तिथे आपला कुणी असता तर?" स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आमच्या घरात मात्र ते एका न मिळालेल्या अर्ध्या तासाचे पदक म्हणून ओळखले जाई. चाहत्याची स्मृती अशीच असते. जे मिळाले ते तो भिंतीवर टांगतो आणि जे हुकले ते उराशी धरून झोपतो.

ओटीवरच्या न्यायालयाचा सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे अथेन्सच्या ऑलिम्पिकमधली २००४ सालच्या २३ ऑगस्टची रात्र. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. पुरुषांच्या आडव्या दांड्याची अंतिम फेरी सुरू होती आणि रशियाचा अलेक्सेई नेमोव दांड्यावर चढला. २००० साली सिडनीत सर्वसाधारण विजेतेपद जिंकलेला हा खेळाडू तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जिम्नॅस्टच्या हिशेबात म्हातारपणच ते. त्याने दांडा सोडून हवेत झेप घ्यायची आणि पुन्हा दांडा पकडायचा असे एकूण सहा वेळा केले, त्यांतल्या चार झेपा तर लागोपाठ. काका खुर्चीतून अर्धे उठले होते. उतरताना त्याचे पाऊल एकदा पुढे सरकले, तेवढीच काय ती चूक आमच्या डोळ्यांना दिसली. फलकावर आकडा आला : ९.७२५.

त्यानंतर जे घडले ते मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेले नाही. सारे प्रेक्षागृह ओरडू लागले. ग्रीक, रशियन, अमेरिकन, कोण कुठला हा भेदच उरला नाही. शिट्ट्या, हुर्यो, अंगठा खाली करून दाखवणे. दहा मिनिटे उलटली तरी तो गदारोळ शमेना. पुढचा खेळाडू, अमेरिकेचा पॉल हॅम, हाताला खडूची भुकटी लावून नुसता उभा. शेवटी पंचांची कुजबुज झाली, मलेशिया आणि कॅनडाच्या पंचांनी आपले गुण वाढवले आणि फलकावरचा आकडा ९.७६२ झाला. लोक तरीही थांबेनात. तेव्हा नेमोव स्वतः उठून मंचावर आला, त्याने लोकांना हात जोडल्यासारखे करून आभार मानले आणि मग हाताने खुणावले : आता शांत व्हा, त्या मुलाला खेळू द्या. हॅम खेळला, ९.८१२ गुण मिळवून गेला. तेवढ्याच गुणांवर बरोबरी सोडवण्याच्या नियमाने इटलीच्या इगोर कासिनाला सुवर्ण मिळाले. नेमोव पाचवा आला.

आमच्या ओटीवर त्या रात्री विजयोत्सव झाला. भाऊ म्हणाला, जनतेने पंचांना नमवले. काका म्हणाले, आज न्याय झाला. मी म्हणालो, पण पाचवा आला तो आलाच. यावर भावाने मला गप्प केले, कारण न्यायालयात अल्पमताला फारशी किंमत नसते.

पण तो वाढलेला ०.०३७ चा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. पहिला गुण योग्य होता तर तो आरडाओरड्याने का बदलला? आणि तो अयोग्य होता तर, समजा प्रेक्षक ओरडले नसते, किंवा नेमोवऐवजी कुणी अनोळखी, कुणी न पाहिलेल्या देशाचा मुलगा दांड्यावर असता, तर त्याचा चुकलेला गुण कुणी दुरुस्त केला असता? त्या काळी पद्धत अशी की दोन पंच कसरतीची प्रारंभिक किंमत ठरवत आणि सहा पंच अंमलबजावणीतल्या चुका मोजत. त्या सहांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढीत. प्रेक्षक झेप पाहतो. पंच वाकलेला गुडघा, सुटलेला कोपर, सरकलेले पाऊल पाहत असतो. दोघेही एकाच माणसाकडे पाहत असतात, तरी त्यांना दिसणारा माणूस एक नसतो. त्या रात्री प्रेक्षक बरोबर होते की पंच, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि आमच्या ओटीवर तसे कबूल करणे हा न्यायालयाचा अवमान समजला जातो.

त्याच अथेन्समध्ये आणखी एक खटला उभा राहिला होता, तो अधिक गुंतागुंतीचा. १८ ऑगस्टला सर्वसाधारण विजेतेपद याच पॉल हॅमने दक्षिण कोरियाच्या किम दे-इऊनला अवघ्या ०.०१२ गुणाने मागे टाकून जिंकले. तिसरा आला कोरियाचाच यांग ते-यंग. मग लक्षात आले की समांतर दांड्यांवरील यांगच्या कसरतीची प्रारंभिक किंमत पंचांनी १० ऐवजी ९.९ धरली होती. तो एक दशांश त्याला मिळता तर सुवर्ण त्याचे होते. जागतिक संघटनेने तीन पंचांना निलंबित केले. एवढे ऐकून कुणीही म्हणेल, अन्याय. पण चित्रफीत पुन्हा पाहिल्यावर हेही निघाले की त्याच कसरतीत यांगने तीनऐवजी चार वेळा स्थिर थांबा घेतला होता, ज्याबद्दल त्याचे दोन दशांश कापायला हवे होते आणि कुणी ते कापले नव्हते. म्हणजे पंचांनी एक चूक त्याच्या विरुद्ध केली आणि एक त्याच्या बाजूने. खेळांच्या लवाद न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये निकाल दिला की तक्रार वेळेत झाली नाही, हॅमचे सुवर्ण कायम. संघटनेच्या अध्यक्षांनी मधल्या काळात हॅमला पत्र लिहून पदक स्वेच्छेने द्यावे असे सुचवले होते. त्याने ते दिले नाही. मला वाटते, त्याने का द्यावे? चूक त्याने केलेली नव्हती. भाऊ म्हणतो, द्यायला हवे होते. वीस वर्षे झाली, हा खटला आमच्याकडे अजून निकाली निघालेला नाही. या प्रकरणांनंतर २००६ पासून जिम्नॅस्टिक्समधला तो प्रसिद्ध 'परिपूर्ण दहा' संपला. अवघडपणाचे गुण वेगळे आणि अंमलबजावणीचे वेगळे असे गणित सुरू झाले. काकांना ते आवडले नाही. दहापैकी दहा म्हणजे काय ते शाळेतल्या पोरालाही कळत असे, हे त्यांचे म्हणणे.

बर्फावरच्या नृत्याबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात लबाडी उघडच होती आणि उघड लबाडीवर विचार करायला फारसे काही नसते. २००२ च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नऊ पंचांनी पाच विरुद्ध चार मतांनी रशियन जोडीला सुवर्ण दिले. प्रेक्षक कॅनडाच्या जोडीसाठी सहा, सहा असे ओरडत राहिले होते. फ्रान्सच्या महिला पंचांनी आपल्यावर दबाव आल्याचे सांगितले, मग ते नाकारले. शेवटी दोन्ही जोड्यांना सुवर्ण देण्यात आले आणि सहा गुणांची ती जुनी पद्धतही पुढे मोडीत निघाली.

आपल्या माणसावर अन्याय झाला की मात्र विचार करण्याची ताकदच जाते. २०१४ सालच्या इंचॉन आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या सरिता देवीची उपांत्य लढत यजमान दक्षिण कोरियाच्या पार्क जी-ना हिच्याशी झाली. साठ किलो वजनगट. सरिता सरस ठरली असे आम्हाला वाटले, तिन्ही पंचांनी निकाल पार्कच्या बाजूने दिला. दुसऱ्या दिवशी पदकवितरणात सरिता रडत होती. तिने कांस्यपदक गळ्यात घालून घेतले नाही. ते हातात घेऊन ती दोन पावले चालून गेली आणि तिने ते पार्कच्या गळ्यात घातले. आमच्या ओटीवर टाळ्या पडल्या. भावाचे डोळे भरून आले. आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यावर एका वर्षाची बंदी घातली तेव्हा आम्ही त्या संघटनेला जे काही म्हणालो ते या पानांवर छापण्याजोगे नाही.

पण मला त्या प्रसंगात आठवतो तो पार्क जी-नाचा चेहरा. ती ते पदक परत देऊ पाहत होती, सरिता घेत नव्हती. काय करावे हे त्या मुलीला कळत नव्हते. निकाल तिने लिहिला नव्हता. पंच तेव्हा तिथे नव्हतेच. ते आपले काम करून निघून गेले होते, आणि त्यांच्या निर्णयाचे ओझे दोन मुली एकमेकींच्या हातात देत उभ्या होत्या.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या न्यायालयात नियम आणि निवाडा यांची नेहमी गल्लत होते. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाटने तोवर आंतरराष्ट्रीय लढतीत न हरलेल्या युई सुसाकीला हरवले, अंतिम फेरी गाठली आणि ७ ऑगस्टच्या सकाळी वजन पन्नास किलोपेक्षा शंभर ग्रॅम अधिक भरले म्हणून ती बाद झाली. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवले नाही. भाऊ म्हणाला, पंच विकले गेले. अरे, काटा विकला जात नाही, मी म्हणालो. तो नियम निर्दय आहे असे म्हणता येईल. आदल्या दिवशी रीतसर जिंकलेल्या लढतींचेही फळ हिरावून घेणारा नियम बदलावा असेही म्हणता येईल, आणि मी ते म्हणतो. पण तिथे कुणाची पेन्सिल चुकलेली नव्हती. लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला तो याच कारणाने. हे बोलल्याबद्दल मला दोन दिवस ओटीवर खालच्या पायरीवर बसावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

२ ऑक्टोबर १९८८. सोल ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. लाइट मिडलवेट गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हून. तीन फेऱ्यांत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. पाच पंचांपैकी सोव्हिएत संघ आणि हंगेरीच्या पंचांनी जोन्सला कौल दिला. युरुग्वे, मोरोक्को आणि युगांडाच्या पंचांनी पार्कला. तीन विरुद्ध दोन. सुवर्ण पार्कला. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून व्हॅल बार्कर चषक मात्र हरलेल्या जोन्सला दिला गेला, यावरून काय ते समजावे. मी ही बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिक्षकखोलीत असा काही तावातावाने बोललो की शिपाई चहा घेऊन दारात थांबला. पंचाने डोळ्यांवर पट्टी बांधून बसावे काय, वगैरे वगैरे. बोलणे सोपे होते. मी तेव्हा तरुण होतो आणि तोवर कधी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो नव्हतो.

पुढे केव्हातरी वाचनात आले की मोरोक्कोच्या पंचांनी आपल्या मताचे स्पष्टीकरण दिल्याचे छापून आले होते. जोन्स इतक्या सहज जिंकला होता की बाकीचे चौघे त्यालाच मत देणार याची त्यांना खात्री वाटली. यजमान देशाची अगदीच नामुष्की होऊ नये, निदान चार विरुद्ध एक असा आकडा दिसावा, म्हणून त्यांनी आपले एक मत पार्कला टाकले. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि बराच वेळ अंगणातल्या चिकूच्या झाडाकडे पाहत बसलो. कारण तोवर मीही तेच करून चुकलो होतो.

साल १९९३. नाताळच्या सुट्टीत शेजारच्या एका गावात आंतरगाव स्पर्धा होत्या. दिवसभर धावणे, रस्सीखेच, संगीतखुर्ची, आणि रात्री मांडवात वक्तृत्व. तिघा परीक्षकांत एक मी. छापील नियमावलीच्या तळाशी ते ठरलेले वाक्य होते : परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. यजमान गावाच्या पोरांनी दिवसभरात एकही स्पर्धा जिंकली नव्हती. त्यांच्या बायकांनी पहाटेपासून शेकडो पाहुण्यांचे जेवण रांधले होते, पुरुषांनी मांडव उभारला होता, आणि सगळ्या ढाली टेम्पोत बसून दुसऱ्या गावांना निघाल्या होत्या. वक्तृत्वात त्यांचा एक मुलगा बरा बोलला. बरा, इतकेच. पण आमच्याच शाळेत नववीत असलेली एक मुलगी फार चांगली बोलली. विषय पाण्याचा होता. गावातल्या विहिरी खाऱ्या होत चालल्याबद्दल तिने पाठ केलेले नव्हे, पाहिलेले सांगितले. मी पेन्सिलीने पन्नासपैकी तिला ४४ आणि त्या मुलाला ४० लिहिले.

मग समोर पाहिले. पहिल्या रांगेत यजमान गावचे लोक थकून बसले होते. मला वाटले, बाकीचे दोघे परीक्षक हिलाच पहिली ठरवणार, त्यात शंकाच नाही. मग माझ्या कागदावर हा मुलगा थोडा वर असला तर काय बिघडले? निकालात फरक पडणार नाही, फक्त अंतर कमी दिसेल, आणि दुसऱ्या क्रमांकाची ढाल तरी या गावात राहील. मी रबराने आकडे खोडले. त्याला ४४ केले, तिला ४२.

बेरीज झाली. मुलगी १२६, मुलगा १२७.

एका परीक्षकाने तिला ४३ आणि त्याला ४१ दिले होते. दुसऱ्याने तिला ४१, त्याला ४२. त्या दुसऱ्या गृहस्थांनाही माझ्यासारखीच दया आली होती की त्यांचे मत खरेच तसे होते, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारले असते तर मलाही सांगावे लागले असते. निकाल जाहीर झाला. यजमानांनी जल्लोष केला, बाकीच्या मांडवाने अर्ध्या मनाने टाळ्या वाजवल्या. अथेन्ससारखे कुणी ओरडले नाही. आपल्याकडे फादर आणि गुरुजन समोर बसले असताना कुणी ओरडत नाही. कधी कधी वाटते, त्या रात्री कुणीतरी दहा मिनिटे ओरडायला हवे होते.

ती मुलगी मागच्या बाजूला, जनरेटरपाशी मला भेटली. रडत नव्हती. "सर, माझं काय चुकलं?" एवढेच तिने विचारले.

मी म्हणालो, "उच्चार. तुझ्या बोलण्यात घरच्या बोलीची झाक येते. ती काढून टाक."

ते खरे नव्हते. म्हणजे झाक होती, आपल्या सर्वांच्याच बोलण्यात ती असते, माझ्याही. पण तिचे गुण मी त्यासाठी कापले नव्हते. काहीतरी सांगणे भाग होते आणि हेच पटकन जिभेवर आले.

यानंतरही मी ओटीवर पंचांना शिव्या देतच राहिलो, हे सांगायला हवे. उलट जरा जास्तच. बार्सिलोनाच्या १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्धासाठी यंत्र आले होते. पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई. मी त्या यंत्राचा मोठा पुरस्कर्ता झालो. माणसावर सोपवूच नये, असे म्हणू लागलो. २०१३ पासून ते यंत्रही गेले, रिओत २०१६ साली पुन्हा वादळ उठले, तिथे काम केलेल्या सर्व ३६ पंचांना टोकियोत घेतले गेले नाही. प्रत्येक वेळी मी ओटीवर आकड्यांसहित बोललो. कोणीही न विचारता.

सोलच्या निकालाची चौकशी आंतरराष्ट्रीय समितीने केली होती. १९९७ साली तिने लाचखोरीचा पुरावा नाही असे सांगून निकाल तसाच ठेवला. जोन्स पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेता झाला. पार्क सी-हूनने मुष्टियुद्धातून निवृत्ती घेतली, तो पुढे प्रशिक्षक झाला. आपल्याच देशातल्या लोकांचे बोलणे त्याने सोसले. त्या लढतीची चित्रफीत भाच्याने मला संगणकावर लावून दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला. पंच त्याचा हात वर करतो त्या क्षणी तो जिंकलेल्या माणसासारखा दिसत नाही.

आणि मग २०२५ च्या सप्टेंबरात बातमी आली. २०२३ च्या मे महिन्यात पार्क कोरियाहून अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला, जोन्सच्या घरी गेला होता. मुलगा दुभाषा म्हणून बरोबर. पस्तीस वर्षे जवळ ठेवलेले सुवर्णपदक त्याने जोन्सच्या हातात दिले. हे तुझेच आहे, असे सांगितले. जोन्सने ती चित्रफीत दोन वर्षांनी लोकांना दाखवली. भावाने मोबाइल माझ्यासमोर धरला. आम्ही दोघांनी ती तीनदा पाहिली. आमच्या ओटीवर प्रथमच असे झाले की पाहून झाल्यावर कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "पण याची चूक नव्हती रे. पंचांनी यायला हवं होतं."

चार दिवस मी ते वाक्य घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी त्या मुलीच्या माहेरी जाऊन पत्ता विचारला. ती जवळच, रिक्षाने वीस मिनिटांवर राहत होती. मुलगी म्हणायची सवय. आता तिचे केस पांढरे होऊ लागले आहेत आणि तिची स्वतःची मुलगी कॉलेजात आहे. तिने मला ओळखले, वाकून नमस्कार केला, शाळेतल्या एकेकाची चौकशी केली. मी स्पर्धेचे नाव काढले तर तिला पटकन आठवेना.

"वक्तृत्व? हां, एकदा भाग घेतला होता मी. दुसरी आले होते वाटतं. कुठलं गाव होतं ते?"

मला हायसे वाटले. चहा न घेताच उठावे, असेही मनात आले. पण ती पुढे बोलत होती.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, सर, माझे उच्चार घरच्यासारखे येतात म्हणून. ते मात्र मी लक्षात ठेवलं. आता आमच्या चर्चमध्ये रविवारी वाचनासाठी सारखे बोलावतात, मी जात नाही. म्हटलं, उगाच लोकांत हसू. हिला मात्र लहानपणापासून घरी प्रमाण मराठीच बोलायला लावलं." तिने दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिले. लेक हसली. "म्हणूनच आजीशी बोलताना माझी पंचाईत होते," ती म्हणाली.

मग मी सांगितले. पेन्सिल, रबर, ४४ आणि ४२, पहिल्या रांगेतले थकलेले लोक, सगळे. उच्चारांचे खोटे होते, तेही. सांगताना लक्षात आले की माझ्याकडे परत द्यायला पदक नाही. तो कागदसुद्धा नाही, तो त्या रात्रीच आयोजकांनी जमा करून घेतला होता. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "जाऊ द्या सर. किती जुनी गोष्ट. त्या मुलाला तरी आनंद झाला असेल ना." हुबेहूब माझ्या आईसारखे.

लेक मात्र दारातून पुढे आली होती. "म्हणजे आई पहिली आली होती?" तिने मला विचारले.

"हो," मी म्हणालो. "एकशे अठ्ठावीस गुण. पाच गुणांनी पहिली."

ती चहा ठेवते म्हणून आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.